रेसच्या गाडीला मी बांधलेली दोरी

ट्रकमध्ये भरलेला माल बसतो, असं मी म्हटलं की ज्यांनी कधी ट्रक भरला नाही ती माणसं हसतात. पण माल खरंच बसतो. लाखनीच्या राइस मिलमधून तांदळाचे कट्टे भरून निघावं आणि नागपूर ओलांडून पहिल्या चहाला थांबावं, तर थराची उंची चार बोटं कमी झालेली असते. कट्टे एकमेकांत दबतात आणि निघताना ताणून बांधलेली दोरी लोंबायला लागते. मग चहा बाजूला ठेवून आधी ट्रकभोवती फिरायचं, प्रत्येक दोरीत काठी घालायची, पीळ द्यायचा आणि पुन्हा आवळायची. पुढच्या थांब्यावर परत तेच. तिसऱ्या आवळणीनंतर माल शांत होतो. चौतीस वर्षांत माझ्या गाडीवरून एक कट्टा रस्त्यावर पडला नाही. हे मी घरी इतक्यांदा सांगितलंय की बायको आता मला वाक्य पूर्ण करू देत नाही.

आता सगळं थांबलं. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला, गुडघे तर त्याच्याही आधी गेले होते. ट्रक विकला. अंगात एक थकवा कायमचा मुक्कामाला आलाय, झोपून उठलो तरी तो माझ्या आधी उठलेला असतो.

लोकांना वाटतं ड्रायव्हरला त्रास रस्त्याचा आणि झोपेचा. खरा त्रास गिऱ्हाइकाचा. एका नाटक मंडळीचा सेट पवनीला न्यायचा होता. मालकाला सिंहासनाच्या रंगाची इतकी काळजी, की मागं डाल्यात, म्हणजे मालाच्या हौद्यात, चढून स्वतः त्यावर बसला. पवनीच्या चौकात ताडपत्री काढली तेव्हा धुळीनं भुऱ्या पडलेल्या त्या महाराजाला बघायला अर्धा बाजार जमला होता. रात्रीच्या नाटकाची तेवढी जाहिरात फुकटात झाली.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक पूर्ण गाव. करडीच्या बाजूला एका विहारासाठी नागपूरहून बुद्धमूर्ती न्यायची होती. मी सवयीनं दोरी काढली, तशी मूर्ती न्यायला आलेल्यांमधली एक म्हातारी पुढं आली.

"दोर नोको लावू, बापा."

"आजी, रस्त्यात हालंल ना."

"हालू दे. आमी धरून बसतो."

आणि बसले. दहा-बारा माणसं तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गादीवर मूर्तीभोवती बसली, बायका जास्त. मी जन्मात चालवली नाही इतकी हळू गाडी चालवली. मूर्तीला साधा ओरखडा आला नाही. दोरीशिवाय नेलेला तो माझ्या आयुष्यातला एकच माल. सगळंच आवळून न्यायचं नसतं, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं. मी मात्र त्याला श्रद्धेचा मामला समजून सोडून दिलं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

दिवाकर मेश्राम हा आमच्या लाखनीतला वेल्डिंग मिस्त्री. माझ्या घरापासून चार दुकानं सोडून त्याचं शेड. चाळिशी पार केलेला, अंगानं बारीक, बोलणं मोजकं. धान मळायचे थ्रेशर बनवायचा, ट्रॉल्या दुरुस्त करायचा, खिडक्यांचे गज जोडायचा. हंगाम संपला की शेडच्या मागच्या कोपऱ्यात त्याचं वेगळंच काम चालायचं. भंगारात निघालेल्या एका लहान मोटारीचं इंजिन, पाइप जोडून केलेला सांगाडा, एकाच माणसाला बसता येईल एवढी जागा. रेसची गाडी. उभी राहिली तर माझ्या कमरेलाही येत नव्हती. तीन वर्षं तो ती बनवत होता आणि लाखनीतल्या लोकांनी तीन वर्षं त्याची चेष्टा केली. त्यात मीही होतो.

कोइम्बतूरच्या बाजूला एका ट्रॅकवर हौशी माणसांनी घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत होणार होती. दिवाकरनं नाव नोंदवलं आणि एका सकाळी माझ्याकडं आला. मोटारी वाहून नेणाऱ्या कंपनीला त्यानं विचारलं होतं. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून यानंच त्यांची माफी मागून फोन ठेवला होता.

"काकाजी, तुमी तिकडं तांदूळ घेऊन जाता ना? कोपऱ्यात जागा देसान का?"

"जिंकशील का बे?"

"जिंकाचं नाही. मले स्टिकर पायजे."

मग त्यानं समजावून सांगितलं. शर्यतीच्या आधी गाडीची तपासणी असते. जाणती माणसं प्रत्येक जोड बघतात, माप लावतात. गाडी पास झाली तर तिच्यावर एक गोल स्टिकर चिकटवतात आणि मगच तिला ट्रॅकवर सोडतात.

"इथं माह्या कामाची परीक्षा कोन घेते, सांगा. थ्रेशर तुटला त मिस्त्री खराब, नाही तुटला त धान चांगलं. कोनीतरी मापानं पाहावं अन म्हनावं, बराबर हाये. बस, तेवढंच."

मला ते पटलं. माझ्याही कामाला कधी कुणी स्टिकर लावलं नव्हतं. मिलमालकाला गाठलं, नेहमीपेक्षा कमी कट्टे भरायला त्याला राजी केलं. पुढच्या भागात तांदूळ, मागं दहा फूट रिकामे ठेवले. तिथं धानाचं तणस जाड अंथरलं आणि मिलच्या ओट्यावरून गाडी ढकलत आत घेतली. आठ माणसांनी सहज ढकलली, इतकी ती हलकी.

दिवाकरनं रुंद पट्टे आणले होते. त्यानं चारही चाकं त्या पट्ट्यांनी ट्रकच्या कड्यांना बांधली आणि उठून उभा राहिला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. फक्त चाकं बांधाची, काकाजी. अंगाले हात लावाचा नाही. अंग हालू द्याचं, स्प्रिंगा त्याच्याचसाठी हायेत."

"हालता माल मी नेत नाही, मिस्त्री."

"माल नाही ना हा," तो हसून म्हणाला.

आदिलाबादच्या पुढं एका ढाब्यावर जेवायला थांबलो. दिवाकर केबिनमध्ये मागच्या फळीवर झोपला होता. निघायच्या आधीचे चार दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. माझ्यामागून आलेला एक पंजाबी ड्रायव्हर उतरला आणि हसत म्हणाला, "उस्ताद, पीछे आपकी छोटी गाड़ी नाच रही है."

बाकीचे ड्रायव्हर हसले. मी मागं जाऊन ताडपत्री उचलली, गाडीच्या नाकावर हात ठेवून दाबलं. ती खाली गेली आणि वर आली, पुन्हा खाली गेली. पट्टे घट्ट होते, चाकं जागच्या जागी होती, पण अंग डुलत होतं. दिवाकरनं सांगितलं होतं तसंच. मला ते सहन झालं नाही. माझ्या मागून येणाऱ्या माणसानं माझ्या बांधणीला हसावं, असं कधी झालं नव्हतं.

मी माझा जाड दोर काढला. पुढच्या डाव्या चाकाला सांगाड्याशी जोडणारे दोन पातळ पाइप होते, त्यातून दोर ओवला, खाली कड्यात घातला आणि काठीनं पीळ दिला. नाक खाली बसलं. पुन्हा दाबून बघितलं तर गाडी गप्प. मला बरं वाटलं आणि मी पोटभर जेवलो.

दिवाकर उठला की सांगू, असं ठरवलं होतं. तो उठला, म्हणाला, "मागं पाहून येऊ का?" मी म्हटलं, "तू बस, मी पाहून आलो." तो बसला. ट्रकमधला माल हा ड्रायव्हरचा, त्यात दुसऱ्यानं हात घालायचा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत त्यालाही माहीत होती.

त्यानंतर हैदराबादच्या बाहेर, कर्नूलला, अनंतपूरला, बंगळूरच्या अलीकडं, जिथं जिथं थांबलो तिथं तिथं मी मागं जाऊन दोर बघितला. दर वेळी तो थोडा ढिला मिळायचा. तणस बसतंय, असं समजून मी दर वेळी एक पीळ वाढवायचो. तिसऱ्या आवळणीनंतर माल शांत व्हायला हवा, इथं चौथ्यांदाही दोर ढिला. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. तीस वर्षांचा हात चुकेल कसा, हेच डोक्यात.

ट्रॅकच्या फाटकापाशी सकाळी पोचलो. दिवाकर कागद घेऊन खिडकीवर गेला तेवढ्यात मी मागं चढून दोर सोडला आणि गुंडाळून तांदळाच्या कट्ट्यांमागं टाकला. पाइपावर दोर होता तिथला निळा रंग बोटभर घासला गेला होता. मी थुंकी लावून फडक्यानं पुसला. लपवायचं असतं तेव्हा माणसाचे हात किती चपळ होतात.

तपासणीची जागा म्हणजे एक मोठा पत्र्याचा मंडप. गाड्या रांगेत, प्रत्येकीभोवती पाच-सहा जण. आमच्या गाडीजवळ आम्ही दोघं. तपासणारा साहेब तमिळ होता, चष्मा कपाळावर, हिंदी मोडकीतोडकी पण माणूस सरळ. त्यानं सांगाड्याचा एकेक जोड बघितला, लहान हातोडीनं ठोकला. दोन ठिकाणी तो थांबला आणि दिवाकरकडं बघून मान डोलावली. दिवाकरच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी लाखनीत कधी बघितलं नव्हतं. लग्नात सुद्धा नाही, आणि त्याच्या लग्नाला मी गेलो होतो.

मग साहेब पुढच्या डाव्या चाकाशी बसला. माप लावलं. परत लावलं. उजव्या बाजूला जाऊन बघून आला.

"ये आर्म टेढ़ा है," तो म्हणाला. आर्म म्हणजे मी दोर ओवला होता तो पातळ पाइप; दर थांब्यावर तणस बसत नव्हतं, तोच वाकत होता. मग माझ्याकडं वळला, कारण माझ्या खांद्यावर ड्रायव्हरचा गमछा होता. "तुम लाया? रास्ते में कुछ हुआ? बाँधने में?"

मी काही विचार न करता बोललो. "नहीं साहब. तीस साल से माल ढो रहा हूँ. फूल जैसा लाया है."

साहेबानं दिवाकरला विचारलं, "तो पाइप कमज़ोर है?"

दिवाकर खाली बसला होता. त्यानं पाइपावरून अंगठा फिरवला, वर माझ्याकडं बघितलं, मग साहेबाकडं.

"हाँ सर," तो म्हणाला. "पाइप कच्चा होगा."

साहेबानं कागदावर लिहिलं आणि हळहळून त्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडी नापास.

अर्ध्या तासानं मी मंडपाबाहेर चहा घेत होतो. शेजारी केरळहून आलेली मंडळी खुशीत होती. त्यांच्या गाडीचाही पुढचा पाइप वाकला होता. पण तो वाटेत वाकला, हे त्यांच्या ड्रायव्हरनं कबूल केलं. वाहतुकीत नुकसान झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुरुस्त करायची मुभा असते, फेरतपासणी होते. गाडी बनवण्यातच खोट असेल तरच बाद करतात. मंडपामागं वेल्डिंगची सोयही होती. दिवाकरनं तो पाइप तासाभरात नवा करून लावला असता.

साहेब अजून मंडपातच होता. मला तिथून दिसत होता, शंभर पावलांवर. मला फक्त उठायचं होतं आणि 'साहब, झूठ बोला' एवढं म्हणायचं होतं. मी उठलो नाही. चहा संपला, मी दुसरा मागवला. तांदूळ उतरवायला उशीर होतोय, असं स्वतःला सांगितलं. आजही त्या दुसऱ्या चहाची मला लाज वाटते.

परतीला भरायला नारळ मिळाले. गाडी पुन्हा मागं चढवताना मी दिवाकरला विचारलं, कशी बांधू. तो म्हणाला, "आता कशीबी बांधा, काकाजी." पट्टे मीच लावले, फक्त चाकांना. येताना तो फार बोलला नाही. मी मात्र सारखा बोलत होतो. टायरबद्दल, डिझेलबद्दल, कर्नूलच्या घाटातल्या जुन्या अपघाताबद्दल.

लाखनीत बातमी आमच्या आधी पोचली होती. हायवेवरच्या चहाटपरीवर महिनाभर तोच विषय. "दिवाकरचं वेल्डिंग तिकडं फेल झालं म्हने." "थ्रेशर ठीक हाये रे, गाडी म्हनजे खेळ नोय." त्या हंगामात दोन थ्रेशरची कामं त्याच्याकडून साकोलीच्या मिस्त्रीकडं गेली. मी त्या बाकड्यावर बसलेला असायचो. मला विचारायचे, "काकाजी, तुमी त होते संग. पाइपच कच्चा होता ना?" मी मान हलवायचो. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मान कशी हलली ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दोन वर्षांनी दिवाकरनं गाडी कापली. इंजिन कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीला गेलं, पाइपांचं काय झालं मी विचारलं नाही.

या दिवाळी अंकासाठी आठवणी लिही, असं ओळखीच्या गुरुजींनी सांगितलं, तेव्हा मी सिंहासनाची गोष्ट लिहिली, मूर्तीची लिहिली. पुढं पेन चालेना. गेल्या महिन्यात काठी टेकत दिवाकरच्या शेडवर गेलो. दुपारची वेळ, तो एकटाच होता, थ्रेशरच्या जाळीला वेल्डिंगचे टाके देत होता. मी पुढ्यातल्या डब्यावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ढाबा, दोर, पाच वेळा दिलेला पीळ, थुंकीचं फडकं, केरळवाले, दुसरा चहा. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसता थकलो.

त्यानं काळा चष्मा वर केला.

"मले त्याच दिवशी मालूम झालं होतं, काकाजी."

"काय?"

"रंगावर तुमच्या दोराचा पीळ उमटला होता. तुमी पुसला, पन पीळ दिसेच. अंगठा फिरवला त हाताले लागला."

"अन तो नियम? वाटेत वाकला त दुरुस्त करू देतेत, तो?"

"तो मालूम होता. कागदात लिहिलंच होतं."

"मंग सायबाले सांगतला काहून नाही?"

त्यानं जाळीवरची काजळी हातानं झटकली. "तुमी आधीच नाही म्हनून चुकले होते. परमुलखात, चार लोकाईसमोर, तुमाले खोटं कसं पाडू? माह्या बापाच्या वयाचे तुमी. मले वाटलं, आता मानूस सोताच बोलते. सायब लिहूनच राहिला होता तवा. मंग वाटलं, चहा घेऊन येते अन बोलते. मंग वाटलं, रस्त्यानं बोलन." तो थोडा हसला. "हिंगणघाट येऊस्तोर तुमी टायरच्याच गोष्टी सांगून राहिले होते."

मी हात जोडले. त्यानं ते खाली केले.

"माफी राहू द्या," तो म्हणाला. "मले सांगून काय फायदा? मले त मालूमच हाये. टपरीवर सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवर गेलो. नेहमीचे पाच-सहा जण होते. त्यांनी सरकून जागा दिली, माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितला. कुणीतरी म्हणालं, काकाजींसारखी बांधणी आताच्या पोट्ट्यांना येत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मी चहा पिऊन घरी आलो. असा मी तीनदा गेलो आणि तीनदा आलो.

म्हणून इथं लिहिलं. दिवाकर मेश्रामचा पाइप कच्चा नव्हता, तो मी वाकवला. हा अंक लाखनीत फक्त गुरुजींच्या घरी येतो, हे मला लिहिताना पक्कं माहीत आहे.